संत्र्याच्या रंगाचा रेणू आणि गच्चीवरचं पॅनल

गेल्या महिन्यात शेजारचे काका सकाळी सकाळीच फाटकापाशी आले. चष्मा कपाळावर, मोबाइल माझ्या नाकासमोर. "हे वाच बरं. सोलरवर कुठला तरी रंग लावला की एकशेतीस टक्के वीज निघते म्हणे. आपण काहून एकवीस टक्केवाले घ्यायचे मग?"

काकांचा अर्ज भरून तयार होता. आमच्या गच्चीवर दोन वर्षांपासून तीन किलोवॅटचं सोलर आहे, ते पाहून त्यांनीही मनावर घेतलं होतं. आता त्या एका मेसेजने ते अडून बसले होते. मेसेज खोटा आहे असंही मला म्हणता येईना, कारण त्यातला आकडा खरोखर प्रयोगशाळेतून आलेला आहे. फक्त तो आकडा ज्या गोष्टीचा आहे, ती गोष्ट मेसेजमध्ये नव्हती. काकांना मी त्या दिवशी घाईत जे सांगितलं ते मलाच पटलं नाही. म्हणून आता नीट बसून लिहितो आहे. नागपुरात गच्चीगच्चीवर पॅनल दिसू लागलेत आणि हा प्रश्न एकट्या काकांचा नाही.

ऊन पडतं किती, वीज होते किती

आमच्या गच्चीवर 540 वॅटची सहा पॅनल आहेत. एका पॅनलचं क्षेत्रफळ साधारण अडीच चौरस मीटर. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट एवढा सूर्यप्रकाश पडतो असं धरतात. म्हणजे एका पॅनलवर पडणारं ऊन अडीच हजार वॅटच्या थोडं वर, आणि त्यातून वीज होते 540 वॅट. काकांच्या एकवीस टक्क्यांचा अर्थ एवढाच. कार्यक्षमता म्हणतात ती हीच.

उरलेलं ऊन कुठे गेलं हे बघायचं असेल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता पॅनलच्या खालच्या बाजूला हात लावून बघा. खरं तर लावू नका, मी एकदा पाना काढायला खाली वाकलो आणि मनगट टेकलं, दोन दिवस लाल होतं. ऊन पॅनलमध्ये शिरतं, पण त्यातलं बरंचसं वीज न होता उष्णता होऊन बसतं. हे पॅनल बनवणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे होत नाही. पॅनल ज्या पदार्थाचं बनतं त्या सिलिकॉनचा स्वभाव त्यामागे आहे.

सुटे परत न देणारा कंडक्टर

सूर्यप्रकाश म्हणजे कणांचा वर्षाव समजा. प्रत्येक प्रकाशकणाकडे ठरावीक ऊर्जा असते आणि ती त्याच्या रंगावर ठरते. लालकडे कमी, हिरव्याकडे जास्त, निळ्याकडे त्याहून जास्त. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाकडे सगळ्यात कमी.

सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बांधलेले असतात. एखादा सुटून वाहू लागला तरच वीज होणार. त्याला सोडवायला किमान 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे इतक्या बारीक ऊर्जेचं माप आहे. हिशेबाला सोपं जावं म्हणून आपण एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दहा रुपये धरू. मग सिलिकॉनच्या बसचं तिकीट झालं अकरा रुपये.

आता स्टॉपवर प्रवासी उभे आहेत. अवरक्त कणाच्या खिशात आठ रुपये, त्याला बसमध्ये घेतच नाहीत. लाल कणाकडे एकोणीस, हिरव्याकडे तेवीस, निळ्याकडे अठ्ठावीस. हे तिघंही चढतात. पण कंडक्टरचा नियम कडक आहे. एक कण, एक तिकीट, सुटे परत मिळणार नाहीत. अठ्ठावीस रुपये देणाऱ्या निळ्यालाही एकच जागा आणि एकोणीसवाल्या लालालाही एकच. वरचे पैसे गेले. ते जातात ते उष्णतेच्या रूपात, आणि इतक्या चटकन की सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही वेळ लागत नाही.

या नियमाने किती नुकसान होतं? सिलिकॉनवर पडणाऱ्या उन्हातला साधारण पाचवा हिस्सा बसमध्ये चढू न शकणाऱ्यांचा असतो. आणि सुमारे एक तृतीयांश ऊर्जा या न मिळालेल्या सुट्यांत जाते. सगळ्यात मोठी गळती तीच. अशा गळतीनंतर जास्तीत जास्त किती वीज निघू शकते, हा हिशेब विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर या दोन शास्त्रज्ञांनी 1961 साली मांडला. सिलिकॉनसाठी आजच्या हिशेबाने ती मर्यादा सुमारे 29 टक्के येते. 1954 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत पहिला कामाचा सिलिकॉन सोलर सेल (असे अनेक सेल जोडून पॅनल होतं) झाला तेव्हा त्याची कार्यक्षमता सहा टक्के होती. आज प्रयोगशाळेतले उत्तम सिलिकॉन सेल 27 टक्क्यांच्या वर आहेत. म्हणजे साध्या सिलिकॉनमधून अजून काढण्यासारखं फारसं उरलेलं नाही. कारागिरी कितीही सुधारली तरी कंडक्टर तोच आहे.

मग कंडक्टर न बदलता काही करता येईल का? स्टॉपवरच कोणीतरी सुटे करून देणारा उभा केला तर?

डांबरगोळीपासून सुरू होणारी गोष्ट

तो सुटे करून देणारा म्हणजे एक रेणू. त्याच्याकडे जायची वाट आपल्या कपाटातून जाते.

आईच्या जुन्या साड्यांत ठेवलेली पांढरी डांबरगोळी आठवा. पूर्वी ती गोळी कोळशापासून निघणाऱ्या डांबरातून मिळणाऱ्या नॅफ्थलीनची करत, म्हणून तिचं नाव डांबरगोळी. नॅफ्थलीनच्या रेणूत कार्बनची दोन षटकोनी कडी एकमेकांना चिकटलेली असतात, मधमाशीच्या पोळ्यातल्या दोन शेजारच्या घरांसारखी. तिसरं कडं जोडलं की होतं अँथ्रासीन. चौथं जोडलं की टेट्रासीन. पाचवं जोडलं की पेंटासीन.

इथे एक सुंदर गोष्ट घडते. नॅफ्थलीन पांढरं. अँथ्रासीनही जवळजवळ रंगहीन. पण चौथं कडं लागताच पदार्थ नारिंगी होतो, आणि पाचव्याला गडद निळा-जांभळा. त्यात कोणी रंग मिसळलेला नाही. कड्यांमध्ये काही इलेक्ट्रॉन एका कार्बनला बांधलेले नसतात, ते साऱ्या रेणूभर पसरलेले असतात. त्यांना खेळायला जागा जितकी लांब, तितकी त्यांना उत्तेजित करायला कमी ऊर्जा पुरते. झोक्याचा दोर लांब असला की झोके संथ होतात, तसंच काहीसं. लहान रेणूला अतिनील प्रकाशाची मोठी नोटच लागते, आणि अतिनील आपल्याला दिसत नाही, म्हणून तो पांढरा दिसतो. टेट्रासीनला निळा-हिरवा प्रकाश पुरतो. तो ते गिळून टाकतं आणि उरलेला पिवळा, नारिंगी, लाल आपल्या डोळ्यांकडे परत येतो.

आपलं संत्रं नारिंगी दिसतं तेही याच कारणाने. सालीतले कॅरोटिनॉइड रेणू वेगळे आहेत, त्यांच्यात कड्यांऐवजी लांब साखळी असते. पण हिशेब तोच. निळा-हिरवा प्रकाश आत राहतो आणि बाकीचा बाहेर येतो. मार्चमध्ये मृग बहाराच्या संत्र्यांचे ढीग मंडीत लागतात तेव्हा मला हटकून हे आठवतं: प्रत्येक साल उन्हातला नेमका तो भाग शोषून घेते आहे, जो आमच्या गच्चीवरचं सिलिकॉन सगळ्यात जास्त वाया घालवतं.

एका नोटेचे दोन

पण प्रकाश शोषून घेणारे रेणू तर हजारो आहेत, कुंकवातही आहेत आणि हळदीतही. टेट्रासीनचं वेगळेपण पुढे आहे.

टेट्रासीनच्या एका रेणूने तेवीस रुपयांचा हिरवा कण गिळला की तो उत्तेजित होतो. शेजारी दुसरा टेट्रासीन रेणू शांत बसलेला असतो. पहिला आपल्यातली साधारण निम्मी ऊर्जा त्याला देऊन टाकतो. आता दोघंही उत्तेजित, प्रत्येकाकडे साडेबारा रुपये. एका नोटेचे दोन भाग झाले, आणि दोन्ही भाग अकराच्या तिकिटाला पुरतात. या क्रियेला सिंगलेट फिशन म्हणतात. इथून पुढे मी तिला नुसतं "सुटे करणं" म्हणेन.

चौकस वाचकाने इथे बेरीज केली असेल. साडेबारा दुणे पंचवीस, आणि नोट तर तेवीसची होती. वरचे दोन रुपये कुठून आले? ते आजूबाजूच्या उष्णतेतून येतात. रेणू काही गोठून बसलेले नसतात, सतत थरथरत असतात, आणि त्या थरथरीतून ही किरकोळ तूट भरून निघते. शिवाय एका उत्तेजित अवस्थेपेक्षा दोन उत्तेजित अवस्था पसरून राहण्याच्या शक्यता जास्त, त्यामुळेही पारडं त्या बाजूला झुकतं.

पेंटासीन हेच काम आणखी झपाट्याने करतं, पण त्याच्या प्रत्येक वाट्याला जेमतेम साडेआठ-नऊ रुपये येतात. अकराचं तिकीट निघत नाही. म्हणून सिलिकॉनच्या जोडीला पेंटासीन चालत नाही. निसर्गाने आपल्याला निवडायला फार थोडी जागा ठेवली आहे, आणि टेट्रासीन त्या चिंचोळ्या जागेत बरोबर बसतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ही क्रिया आजची नाही. असं काही घडत असावं हे शास्त्रज्ञांनी 1965 साली अँथ्रासीनच्या स्फटिकांवरच्या प्रयोगांतून सुचवलं होतं. तेव्हा तो निव्वळ कुतूहलाचा विषय होता. सोलरशी त्याची गाठ बांधली गेली ती पुढे कित्येक वर्षांनी.

तर मग 130 टक्के कशाचे?

आता काकांच्या आकड्याकडे येऊ. 2019 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने टेट्रासीनचा थर सिलिकॉनवर बसवला आणि दाखवलं की टेट्रासीनने गिळलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे सिलिकॉनपर्यंत सुमारे 133 उत्तेजना पोचतात. आदर्श स्थितीत दोनशे पोचायला हव्या होत्या, पण वाटेत गळती झाली. तरी शंभरच्या पुढे आकडा गेला, आणि मोठी बातमी ती होती.

ही डोक्यांची मोजणी आहे, पैशांची नाही. शंभर प्रवासी आले आणि एकशे तेहेतीस तिकिटं फाटली, एवढंच तो आकडा सांगतो. उष्णतेतून आलेले ते किरकोळ दोन रुपये सोडले तर प्रवाशांच्या खिशात मुळात होते त्याहून जास्त पैसे कुठूनही आलेले नाहीत. 540 वॅटच्या पॅनलमधून सातशे वॅट निघतील असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय हे फक्त निळ्या-हिरव्या कणांपुरतं. लाल कणाकडे एकोणीसच रुपये, त्याचे दोन तिकिटांपुरते भाग होऊच शकत नाहीत. त्या प्रयोगातल्या सेलची एकूण कार्यक्षमता बाजारातल्या चांगल्या सेलच्या पुढेही गेलेली नव्हती. सिद्ध झालं ते एवढंच, की रेणूने केलेले सुटे सिलिकॉन घेऊ शकतं.

हे सगळं उत्तम जमलं तर काय? एमआयटीच्याच गटाचा तेव्हाचा अंदाज होता की सिलिकॉनची 29 टक्क्यांची मर्यादा यामुळे 35 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. एकशेतीस नव्हे, पस्तीस. मेसेजच्या मानाने हे फिकं वाटेल. पण ज्या क्षेत्रात अर्ध्या टक्क्यासाठी वर्षं खर्ची पडतात, तिथे हे फार मोठं आहे.

रेणूने सुटे केले, पण ते हातात कसे द्यायचे?

सगळी अडचण इथे आहे. म्हणूनच 1965 ते 2019 एवढा काळ गेला.

साध्या उत्तेजित रेणूला आपली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात टाकता येते, जशी वहीवर ओढलेली चमकती हिरवी हायलाइटर रेघ टाकते. पण सुटे केल्यावर मिळणाऱ्या या अर्ध्या-अर्ध्या उत्तेजना वेगळ्या जातीच्या. इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा एक गुण असतो, भोवरा डावीकडे फिरतो की उजवीकडे तसा. साध्या अवस्थेत जोडीतले दोन भोवरे उलट दिशांना फिरतात, या नव्या अवस्थेत एकाच दिशेने. आणि अशा अवस्थेतून प्रकाश टाकून मोकळं व्हायला निसर्गाचे नियम जवळपास मनाई करतात. चांगली बाजू अशी की त्या उत्तेजना बराच वेळ टिकतात. वाईट बाजू अशी की त्या दुरून फेकता येत नाहीत. हातात हात देऊनच द्याव्या लागतात, आणि हात पोचतो तो जेमतेम एक नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा लाखावा भाग म्हणा हवं तर.

मग टेट्रासीन सरळ सिलिकॉनला चिकटवा, झालं, असं वाटेल. तसं केलं तर सिलिकॉनचा पृष्ठभाग आडवा येतो. स्फटिक जिथे संपतो तिथे अणूंचे काही हात मोकळेच लोंबकळत राहतात आणि जवळून जाणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. म्हणून एरवी त्या पृष्ठभागावर संरक्षक थर देतात. तो थर पुरेसा जाड असावा लागतो. आणि तो जाड झाला की टेट्रासीनचा हात पोचत नाही.

एमआयटीच्या गटाने मधे हाफ्नियम ऑक्सिनायट्राइड नावाच्या पदार्थाचा थर दिला, 0.8 नॅनोमीटर जाडीचा. म्हणजे मोजून काही अणूंची जाडी. पुरणपोळी लाटताना पारी इतकी पातळ हवी की पुरण दिसावं, पण फुटू नये, तसलं हे काम. एका नखाएवढ्या सेलवर ते साधलं. अडीच चौरस मीटरच्या पॅनलवर, कारखान्यात, मिनिटाला अमुक सेल या वेगाने साधायचं असेल तर मधे फार काम उरलं आहे.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट व्हावी. हा थर सेलच्या आत असतो, काचेखाली, सिलिकॉनला भिडून. काचेवर बाहेरून फासायचा रंग असा हा प्रकारच नाही. काचेवर नारिंगी रंग लावलात तर तो निळा-हिरवा प्रकाश वरच्या वर गिळेल आणि वीज कमीच होईल. धूळ कमी बसावी म्हणून काचेवर देतात ते लेप वेगळे, त्यांचा या विषयाशी काही संबंध नाही. कार्यक्षमता वाढवणारा रंग म्हणून कोणी डबा घेऊन दारात आलं तर घेऊ नका.

रंगातून वीज तर आधीही काढत होते ना?

हो, आणि ती हकीकत सांगण्यासारखी आहे. 1991 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला मिशेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओरेगन यांनी सिलिकॉन पूर्ण बाजूला ठेवून सोलर सेल केला. त्यांनी घेतला टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे आपल्या भिंतींच्या पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये असतो तो पांढरा पदार्थ. त्याचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटवून त्यांनी स्पंजासारखा थर केला आणि त्या प्रत्येक कणावर रंगाच्या रेणूंचा एक पातळ लेप चढवला. प्रकाश गिळायचा रंगाने, इलेक्ट्रॉन वाहून न्यायचा पांढऱ्या कणांनी. झाडाच्या पानातही अशीच कामाची वाटणी असते. क्लोरोफिलचे शेकडो रेणू प्रकाश गोळा करतात आणि तो एका केंद्राकडे पोचवतात.

या सेलची गंमत अशी की तो शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतो. रंगासाठी काळी द्राक्षं चालतात, जास्वंद चालते, आणि जूनमध्ये रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात मिळणारी जांभळंही. जांभळाने जिभेला जो रंग चढतो तो अँथोसायनिनचा, आणि तो त्या पांढऱ्या कणांना घट्ट धरून बसतो. शर्टावर पडलेला डाग निघत नाही, त्याच चिवटपणाने. असा जांभळाचा सेल नावापुरतीच वीज देतो, कार्यक्षमता एका टक्क्याच्याही आत राहते. पण मल्टिमीटरचा काटा हलताना बघणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी तो करावा.

रंगाचे हे सेल सिलिकॉनला हरवू शकले नाहीत. त्यांची जागा वेगळी आहे: अंधूक प्रकाशात, घरातल्या दिव्याखाली, किंवा इमारतीच्या रंगीत काचांत. लोझानच्या एका सभागृहाची दर्शनी बाजू अशा रंगीत सोलर काचांची आहे. टेट्रासीनची वाट याहून निराळी. तिथे रंगाला सिलिकॉनची जागा घ्यायची नाही, फक्त सिलिकॉनला जमत नाही तेवढं काम करून द्यायचं आहे.

उलटं काम करणारेही रेणू आहेत. आठ-आठ रुपयेवाले दोन अवरक्त कण एकत्र करून एक सोळाची नोट बनवायची, म्हणजे स्टॉपवर राहिलेल्यांनाही बस मिळेल. तेही प्रयोगशाळेत जमतं, पण उन्हासारख्या विखुरलेल्या प्रकाशात दोन कण एकाच वेळी एकाच जागी गाठणं कठीण, त्यामुळे ते आणखी मागे आहे.

नागपूरच्या उन्हात रंग टिकेल?

हा प्रश्न काकांनी विचारला नाही, काकूंनी विचारला. त्यांनी कूलरवर टाकलेल्या हिरव्या जाळीकडे बोट दाखवलं. दोन उन्हाळ्यांत ती पोपटीची पांढुरकी झाली होती.

काकूंचा मुद्दा बिनतोड आहे. रंगाचे रेणू ऊन आणि हवेतला ऑक्सिजन या दोघांपुढे टिकत नाहीत. टेट्रासीनही नाही. प्रकाशात ऑक्सिजन मिळाला की ते हळूहळू बिघडतं आणि त्याचा रंग जातो. सिलिकॉन पॅनलला 25 वर्षांची हमी मिळते. दुकानाच्या पाट्या आणि ताडपत्र्या इथे किती वर्षं रंग धरतात ते आपण पाहतोच.

म्हणून आता संशोधनाचा मोठा भाग यावरच चालला आहे. हवाबंद थर कसे द्यायचे, आणि त्याहून महत्त्वाचं, टेट्रासीनसारखेच सुटे करणारे पण अधिक चिवट रेणू कुठले. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले गट यावर काम करत आहेत. कारखान्यात बनणाऱ्या रंगांच्या काही कुळांत उन्हाला दाद न देणारे रेणू आहेतच, मोटारीच्या पत्र्यावरचा लाल रंग वर्षानुवर्षं तसाच राहतो तो त्यांच्यामुळे. टिकाऊपणा आणि सुटे करण्याचा गुण एकाच रेणूत हवा, शोध त्याचा आहे. माझ्या मते या सगळ्या कामाचं भवितव्य कार्यक्षमतेच्या आकड्यापेक्षा इथेच ठरणार आहे.

पेरोव्स्काइटने हे काम आधीच केलं नाही का?

पेपरात सध्या पेरोव्स्काइटचं नाव वारंवार येतं. हा एका विशिष्ट रचनेच्या स्फटिकांचा गट. 2009 साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांनी तो ग्रेट्झेलच्या सेलमध्ये रंगाच्या जागीच वापरून पाहिला होता, कार्यक्षमता होती 3.8 टक्के. आता तो सिलिकॉनच्या डोक्यावर दुसरा पूर्ण सेल म्हणून बसवतात. म्हणजे दोन बस. वरच्या बसचं तिकीट महाग, तिथे निळे-हिरवे आणि बहुतेक लालही चढतात. खालच्या बसमध्ये उरलेले, म्हणजे मुख्यतः खिशात अकरा रुपयांच्या वर असलेले अवरक्त. चीनच्या लाँगी कंपनीने 2025 साली अशा जोडसेलची 34.85 टक्के कार्यक्षमता नोंदवली. रेणूंच्या वाटेने जायचं स्वप्न ज्या आकड्याचं आहे, तिथे ही वाट प्रयोगशाळेत पोचलीसुद्धा.

तरी रेणूंचा नाद सोडू नये असं मला वाटतं. पेरोव्स्काइटच्या बहुतेक चांगल्या सेलमध्ये शिसं असतं आणि ओल त्यांना चालत नाही. दोन सेल एकावर एक ठेवून तारेने जोडले की दोघांतून सारखाच प्रवाह वाहावा लागतो. सकाळ-संध्याकाळ उन्हाचा रंग बदलतो, ढग आले की बदलतो, आणि मग कमी प्रवाहवाला दुसऱ्यालाही मागे खेचतो. रेणूच्या थराला वेगळी तार लागत नाही. तो सुटे सिलिकॉनच्या हातात ठेवतो आणि पुढचं सगळं सिलिकॉनच करतं.

आणि आपल्यासाठी: उष्णता

पॅनलवर छापलेले 540 वॅट हे सेलचं तापमान 25 अंश असताना मोजलेले असतात. नागपुरात सेलचं तापमान 25 अंश असणं म्हणजे जानेवारीतली सकाळ. सिलिकॉन पॅनल तापलं की दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी देतं. मेमध्ये हवा 45 अंशांवर गेली की सेल 65 अंशांपर्यंत सहज पोचतो. म्हणजे 40 अंश जास्त. 0.35 ने गुणा, 14 टक्के घट. 540 चे राहिले सुमारे 465.

आमच्या इन्व्हर्टरवर हे दिसतं. फेब्रुवारीतल्या स्वच्छ दुपारी जो आकडा येतो तो मेच्या रणरणत्या दुपारी येत नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात मी पॅनल बिघडलं समजून लावणाऱ्याला फोन केला होता. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असं मी धरून चाललो होतो. प्रकाश हवा असतो, ताप नको असतो.

रेणूंची गोष्ट आपल्या गावाशी येऊन मिळते ती इथे. सुटे न मिळाल्यामुळे जी ऊर्जा पॅनलमध्ये ताप होऊन बसते, तिचाच एक भाग हे रेणू विजेत वळवतात. वीज वाढते आणि वर पॅनल थोडं थंडही राहतं. थंड राहिल्याने पुन्हा थोडी वीज वाढते, आणि सेलचं आयुष्यही. लोझानला याचं कोणाला फारसं अप्रूप नसेल. पण गाव जितकं तापतं तितका हा दुसरा फायदा मोठा होत जातो, आणि विदर्भातल्या कुठल्याही गच्चीवर तो मोजण्याजोगा असेल.

मग काकांनी थांबायचं का?

नाही. हा थर असलेलं पॅनल आज कुठल्याही दुकानात मिळत नाही आणि लवकर मिळेल असं दिसत नाही. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. तीन किलोवॅटचं सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतं. थांबण्याची किंमत रोज बारा युनिट.

काकांनी अर्ज पाठवला. जागा बघायला माणूस आला तेव्हा मीही गच्चीवर गेलो. त्याने कार्यक्षमतेचं नावही काढलं नाही. आधी पाण्याची टाकी कुठे आहे ते बघितलं आणि विचारलं, "डिसेंबरात हिची सावली कुठवर येते?" पॅनलमधले सेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरच्या सावलीने आख्खी ओळ मंदावते. टाकीची सावली दुपारी तीननंतर दोन पॅनलवर येणार होती. टेट्रासीनची वीज उद्याची, ही तर आजच जाणार होती. प्लंबरला बोलावलं, आणि टाकी चार फूट उत्तरेला सरकवून घेतली.